रुजू व्हायच्या आधीपासून

बाई, तुमच्याकडं दोन नवे शिक्षणसेवक येतायत आणि त्यांच्या स्वागताला काय काय करायचं, असं तुम्ही फोनवर विचारलंत. मुख्याध्यापक म्हणून तुमचंही हे पहिलंच वर्ष, म्हणून सविस्तर लिहून पाठवतोय. गुलाबाचं फूल जरूर द्या. फोटोही काढा, त्यांच्या आईवडिलांना तो बघायला फार आवडतो. पण माझ्या मते स्वागत त्याच्या किती तरी आधी सुरू होतं आणि पुढं तीन वर्षं चालतं. नव्या शिक्षकाचं पहिलं वर्ष पार पाडणं हे सगळ्या शाळेचं काम आहे, त्याच्या एकट्याचं नाही. एवढं एक धरून चाललात तर बाकीचं तुम्हाला आपोआप सुचत जाईल.

पहिलं काम म्हणजे फोन. आदेशाची यादी हातात पडली की त्याच दिवशी तुम्ही स्वतः फोन करा, लिपिकाला किंवा शिपायाला सांगू नका. ही माणसं कशी येतात ते लक्षात घ्या. अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल, मग कागदपत्रांची पडताळणी, आणि शेवटी जिल्हा परिषदेत समुपदेशन. तिथं पडद्यावर रिकाम्या जागा असलेल्या शाळांची नावं येतात आणि बघता बघता गाव निवडावं लागतं. सांगली-साताऱ्याकडून आलेल्या मुलीला आपलं चुडावा कुठल्या तालुक्यात आहे हेही त्या घडीला ठाऊक नसतं. तिला सांगा, की आपल्याकडं स्टेशन आहे, पूर्णा आणि लिंबगावच्या मधे, पण लांब पल्ल्याच्या गाड्यांचं तिकीट काढायचं ते पूर्णा जंक्शनचं किंवा नांदेडचं. तिथं उतरल्यावर पुढं कसं यायचं, हेही सांगा. जमलं तर शाळेतल्या कुणाला तरी पूर्ण्याला घ्यायला पाठवा. अनोळखी स्टेशनवर बॅग घेऊन उतरल्यावर आपलं नाव घेऊन कुणी हाक मारली, तर माणूस ते जन्मभर विसरत नाही.

आणि त्यांना कोवळी पोरं समजू नका. २०१७ च्या डिसेंबरात चाचणी झाली, तिची पहिली निवड यादी लागायला २०१९ चा ऑगस्ट उजाडला होता. त्यानंतरची चाचणी थेट २०२३ मधे झाली, आणि तिच्या नेमणुका २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चपासून निघाल्या. या मधल्या वर्षांत कुणी खासगी शाळेत चार-पाच हजारांवर शिकवलेलं असतं, कुणी दुकानात बसलेलं असतं, कुणाची लग्नं होऊन लेकरं शाळेत जायला लागलेली असतात. तेव्हा तिशी ओलांडलेल्या माणसाला मुलांसमोर ‘अरे, इकडं ये’ म्हणायचं नाही. पहिल्या दिवसापासून सर आणि मॅडम. मुलं तुमच्या तोंडाकडं बघून ठरवतात की या नव्या माणसाचं किती ऐकायचं.

रुजू झाल्यावर कागदांचं एक जंजाळ सुरू होतं, त्यात त्यांना एकटं सोडू नका. रुजू अहवाल त्याच दिवशी केंद्रप्रमुखांमार्फत पंचायत समितीला गेला पाहिजे, त्याची पोच घेतली पाहिजे. वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी परभणीला जिल्हा रुग्णालयात जावं लागतं, चारित्र्य पडताळणीचा अर्ज असतो, सेवापुस्तक उघडावं लागतं, बँकेचं खातं, शालार्थ क्रमांक. परभणीच्या खेपेला वाट माहीत असलेला एक जुना शिक्षक सोबत द्या, एका दिवसात काम होतं. नाहीतर एकाच सहीसाठी तीन रजा जातात. दुय्यम सेवापुस्तक स्वतःजवळ ठेवायला आणि दरवर्षी नोंद करून घ्यायला सांगा. हे कुठल्याच प्रशिक्षणात सांगत नाहीत आणि पंधरा-वीस वर्षांनी त्याची किंमत कळते.

पैशाचं कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. शिक्षणसेवक योजना २००० साली आली तेव्हा प्राथमिकचं मानधन महिना ३,००० रुपये होतं. पुढं ६,००० झालं आणि कित्येक वर्षं तिथंच अडकून राहिलं. १ जानेवारी २०२३ पासून ते १६,००० झालंय. आकडा ठीक वाटतो, पण शालार्थ क्रमांक मिळून पहिलं मानधन खात्यात पडेपर्यंत महिने निघून जातात. त्या काळात खोलीचं आगाऊ भाडं, गॅस, गादी, गावी जायचं तिकीट, सगळं उसनवारीवर चालतं. माणूस लाजेनं सांगत नाही, डबा आणत नाही, आणि मधल्या सुट्टीत फिरायला जातो म्हणून बाहेर पडतो. तुम्ही तेवढं ओळखा. सगळ्या शिक्षकांनी मिळून थोडी रक्कम बाजूला काढून ठेवायची, नव्या माणसाला न मागता द्यायची, मानधन आलं की त्यानं सवडीनं परत करायची, अशी रीत पाडा. लिहिलेलं असावं, पण भिंतीवर नसावं. आणि पंचायत समितीतला त्याच्या बिलाचा पाठपुरावा तुम्ही करा. तुमच्या तोंडून विचारलं की टेबलावरचा माणूस उत्तर देतो.

खोलीचा प्रश्न मोठा आहे. नांदेड जवळ असल्यानं बरेच जण तिथं राहून ये-जा करतात. त्यावरून पहिल्याच आठवड्यात वाद घालू नका. गावात बरी खोली मिळाली, पाणी असलं, संडास असला, तर माणूस राहतो. मात्र खोली बघायला त्यांना एकटं पाठवायचं नाही. आपल्याकडं घरमालक भाड्याच्या आधी आडनाव विचारतो, आणि आडनावावरून उलगडा झाला नाही तर सरळ ‘कुणाचे?’ म्हणून विचारतो. आणि मग खोली ‘नुकतीच दिली’ असं ऐकायला मिळतं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय आणि शिक्षकाच्या तोंडावर त्या वेळी काय उतरतं तेही पाहिलंय. तुम्ही किंवा गावातला शब्दाचा माणूस सोबत असला की तो प्रश्न ओठावर येत नाही, आणि आलाच तर उत्तर तुम्ही द्यायचं, ‘आमच्या शाळेचे गुरुजी आहेत’ एवढंच. बाईमाणूस एकटी राहणार असेल तर शेजार आधी बघा, खोली नंतर. रात्री-अपरात्री कुणाला हाक मारायची, ते नाव आणि नंबर पहिल्याच दिवशी तिच्याजवळ असू द्या. शाळेतल्या शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, आणि पाणी येतं का, हे ती येण्याच्या आधी बघून घ्या. तिला ते विचारावं लागू नये.

आता वर्ग. बाई, इथं मी थोडा हट्टी आहे. नव्या माणसाला पहिली देऊ नका. बहुतेक शाळांत उलटं चालतं. जुने गुरुजी चौथी-पाचवी धरून बसतात आणि येईल त्याच्या गळ्यात पहिली पडते. पहिलीतलं लेकरू घरची बोली घेऊन येतं, पाटी ‘मपली’ म्हणतं, आईसाठी रडतं, त्याला पेन्सिल धरायची नसते आणि दहा मिनिटं एका जागी बसवत नाही. त्याला वाचतं करणं हे आपल्या सगळ्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि ते शाळेतल्या सगळ्यात जाणत्या हातात असलं पाहिजे. नव्याला तिसरी द्या. तिसरीच्या मुलांना शाळेची रीत कळलेली असते, ती उलट नव्या सरांना दाखवतात की खडू कुठं असतो आणि घंटा कोण देतं. दोनशिक्षकी शाळेत ही सोय नसते, हे मला माहीत आहे. तिथं निदान दोन वर्ग एकाच वेळी कसे चालवायचे, एकाला फळ्यावर गुंतवून दुसऱ्याला कसं शिकवायचं, हे तुम्ही स्वतः करून दाखवा. नुसतं सांगून ते येत नाही.

पहिले काही दिवस नव्या शिक्षकाला तुमच्या वर्गात बसू द्या. मागं, मुलांच्या ओळीत, हातात काही काम न देता. मग तुम्ही त्यांच्या वर्गात बसा. जाताना शेऱ्याची वही नेऊ नका, दारात उभं राहू नका, एखाद्या मुलाशेजारी जमिनीवर बसा.

तिथून काय दिसतं त्याचं एक उदाहरण देतो. तिसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी. नव्या सरांनी फळ्यावर ५२ आणि त्याखाली ३७ मांडले. रीत बरोबर सांगितली, अक्षर सुरेख. ‘कळलं का?’ म्हटल्यावर सगळा वर्ग ‘हो सर’ म्हणून ओरडला. सर खूश. पण मागं बसल्यावर दिसत होतं, की सर फळ्याला पाठ न देता फळ्याकडं तोंड करून बोलतायत आणि खांबाजवळच्या मुलींना त्यांच्या पाठीशिवाय काही दिसत नाहीय. शेजारच्या पोराच्या वहीत उत्तर होतं २५. त्यानं दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले होते आणि पाचातून तीन. त्याच्या परीनं त्यानं प्रश्न सोडवला होता, आणि ‘हो सर’ही त्यानंच सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं होतं. हे फळ्याजवळून कधीच दिसत नाही.

तास संपल्यावर यातलं सगळं सांगायचं नाही. एकच गोष्ट सांगायची. इथं मी सांगितलं असतं, की उद्या त्या पोराजवळ बसा आणि त्याला विचारा, हे २५ कसे आले ते मला सांग. त्याचं ऐकून झालं, की दहा-दहा काड्यांचे गठ्ठे त्याच्या हातात द्या आणि एक गठ्ठा त्यालाच सोडू द्या. खांबाजवळच्या मुलींचं पुढच्या आठवड्यात. ज्याला एका दमात सात चुका सांगितल्या जातात, तो आठव्या दिवशी दार लोटून शिकवायला लागतो. जपानमधे शिक्षक एकमेकांचे तास असेच बसून बघतात आणि मग त्यावर बोलतात, आणि तिथं १९८० च्या दशकाच्या शेवटापासून नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी मार्गदर्शक शिक्षक देण्याची कायद्यानंच सोय आहे. आपल्याकडं तसा कायदा नाही, पण मागच्या ओळीत जाऊन बसायला कुणाची परवानगीही लागत नाही.

आपल्या महाराष्ट्रात हे फार आधी झालेलं आहे. ताराबाई मोडक राजकोटचं महिला महाविद्यालय सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडं गेल्या, त्यांच्या बालमंदिरात शेजारी राहून शिकल्या. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं तेव्हा पुण्याच्या हुजूरपागेत शिकवलेल्या अनुताई वाघ त्यांच्याकडं आल्या. अनुताई पस्तिशीच्या, ताराबाई पन्नाशी ओलांडलेल्या. मुलं केंद्रात येत नाहीत असं दिसल्यावर त्या वस्तीत गेल्या आणि तिथल्या अंगणातच मुलांना गोळा करून शिकवू लागल्या. अंगणवाडी तिथून आली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी पुढं कुरणशाळा निघाली. ताराबाई १९७३ मधे गेल्या, पण बोर्डीहून पुढं कोसबाडला गेलेलं हे काम अनुताईंनी शेवटपर्यंत चालवलं. एका बाईनं दुसरीला शेजारी घेतलं म्हणून हे झालं.

त्यावरून गावाकडं येतो. नव्या शिक्षकाला पहिल्या पंधरवड्यात वस्तीत घेऊन जा, संध्याकाळी, बाया शेतातून परतल्यावर. हजेरीपत्रक सोबत असू द्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची ओळख करून द्या, पण त्याच्याही आधी खिचडी शिजवणाऱ्या बाईंची, अंगणवाडीताईची आणि आशाताईची करून द्या. कुठल्या घरी बाप पितो, कुठलं लेकरू आजीजवळ राहतं, कुणाचं नाव पटावर आहे पण माय-बाप वीटभट्टीवर आहेत, हे या तिघींना ठाऊक असतं. समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्यात असा शिक्षण हक्क कायदाच सांगतो, तेव्हा त्यातल्या बायांशीही बोलायला शिकवा. नाहीतर सगळं बोलणं पारावरच्या पुरुषांशीच होतं.

आणि आपला हंगाम समजावून सांगा. बाहेरून आलेल्याला कळत नाही की जूनमधे निम्मा वर्ग पेरणीच्या दिवसांत का गळतो, कापूस वेचणीला तिसरी-चौथीच्या मुली का दिसत नाहीत, आणि दसरा झाला की ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची कुलपं का लागतात. तो स्वतःला दोष देतो किंवा लेकरांना. त्याला सांगा, की दसऱ्याच्या आधी त्या घरी जाऊन बसायचं, लेकरू आजीकडं मागं ठेवता येतं का बघायचं, हंगामी वसतिगृहाची यादी वेळेत द्यायची. लेकरू गेलंच, तर नाव कमी करायची घाई करायची नाही. ते परत येईल तेव्हा त्याच्या पाटाची जागा त्याला मिळाली पाहिजे.

एक वाईट चाल सगळीकडं पडलीय, ती तुमच्या शाळेत पडू देऊ नका. ‘तुम्हाला मोबाइल कळतो’ म्हणून नव्या शिक्षकावर यू-डायस, आधार, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराची रोजची ऑनलाइन नोंद आणि वर आणखी एखादं लिंक भरणं, सगळं टाकतात. सहा महिन्यांत तो शाळेचा संगणक चालक होतो आणि त्याचा वर्ग वाऱ्यावर. कामं सगळ्यांत वाटा, नव्याला पहिल्या वर्षी एकच द्या, आणि ज्या जुन्या सरांना येत नाही त्यांना नव्याकडून शिकायला बसवा. त्यात नव्याचाही मान वाढतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मधे शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं देता येतात, हे तुम्हाला पाठ असू द्या. कुणी भलतं काम सांगितलं तर नव्यानं नाही म्हणायचं नसतं, तुम्ही म्हणायचं असतं.

छडीचंही बोलून घ्या. वर्ग हाताबाहेर गेला की नवा माणूस शेजारच्या वर्गातला धाक बघतो आणि फूटपट्टी उचलतो. कलम १७ प्रमाणं मारणं बंद आहे, हे तो परीक्षेसाठी वाचून आलेला असतो. पण गोंगाटात काय करायचं हे त्यानं वाचलेलं नसतं. त्याला दोन-तीन युक्त्या द्या. आवाज चढवायच्या ऐवजी उतरवायचा. टाळीचा ठेका धरायचा आणि मुलांनी तो परत द्यायचा. सगळ्यांत वांड पोराला खडू-डस्टरची जबाबदारी द्यायची. पालक येऊन ‘हाणा सर त्याला, हाडं आमची, मांस तुमचं’ म्हणतील, तेव्हा हसून नाही म्हणायला तुम्हीच पुढं व्हा.

साहेब भेटीला आले तर नव्या शिक्षकाच्या वर्गात तुम्ही सोबत जा. कमी दिसलं तर ‘आमचं चाललंय त्यावर काम’ असं म्हणा. ‘आमचं’ म्हणायचं. साहेब गेल्यावर काय बोलायचं ते दोघांत बोला. एका ठिकाणी मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर नव्या मुलीकडं बोट दाखवून ‘या नवीन आहेत, यांचाच वर्ग मागं आहे’ असं म्हटलेलं मी ऐकलंय. तो वर्ग तिच्याकडं येऊन महिना झाला होता. त्यानंतर ती त्या शाळेत कधी काही विचारायला पुढं आली नाही.

आणखी एक. हे लोक पुढं आंतरजिल्हा बदलीचा अर्ज करणार, हे आपल्याला माहीत आहे. घर तिकडं आहे, आईवडील म्हातारे आहेत, नवऱ्याची नोकरी दुसरीकडं आहे. त्यावरून ‘तुम्ही काय, जाणारच’ असे टोमणे मारणारे शाळेत एक-दोन निघतात, त्यांना तिथल्या तिथं थांबवा. जितकी वर्षं ते इथं आहेत तितकी वर्षं त्या लेकरांचे ते गुरुजी आहेत, आणि पाच वर्षं मन लावून शिकवून गेलेला शिक्षक गावाला वीस वर्षं पुरतो. दिवाळीच्या सुट्टीला जोडून एखाद दिवसाची रजा मागितली तर गाडीचं आरक्षण बघून द्या. पूर्ण्याहून लांबच्या गावी जायला एक रात्र मोडते.

तीन वर्षांचा हिशेब मात्र पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर नको, तुमच्या स्वतःच्या डायरीत लिहा. रुजू तारीख, आणि सेवाकाळ पूर्ण होण्याची तारीख. कायम करायचा प्रस्ताव त्याच्या दोन महिने आधी तयार ठेवा: तिन्ही वर्षांचे गोपनीय अहवाल, रजांचा हिशेब, जात वैधता प्रमाणपत्र, चारित्र्य पडताळणीचा अहवाल, वैद्यकीय प्रमाणपत्र. यातला वैधतेचा आणि पडताळणीचा कागद सगळ्यांत जास्त रखडतो, म्हणून दुसऱ्या वर्षीच त्याच्या मागं लागा. प्रस्तावावर केंद्रप्रमुखांची सही झाली की त्याची एक प्रत शिक्षकाच्या हातात द्या, आणि पंचायत समितीत आवक क्रमांक पडेपर्यंत फोन चालू ठेवा. दोघांचे रुजू अहवाल तयार झाले की मला एकदा वाचून दाखवा, तारखा आणि आदेश क्रमांक तपासून देतो.